हावोदचं फाटक

तट्टांना हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही आणि नाव द्यायचं नाही. गार्न डोंगरावर पाहणीला जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला निसर्ग जपणाऱ्या संस्थेने पहिल्याच दिवशी हे तीन नियम सांगितले होते. यानंतर करण्यासारखं उरत होतं ते फक्त पाहणं, आणि इडवल पॅरी मंगळवारी आणि शुक्रवारी ते करत असे. सोळाच्या सोळा आहेत का, कुणी लंगडतंय का, डोळे वाहतात का, दगडी डोणीत पाणी आहे का, लीद घट्ट आहे की पातळ. सगळं पाहून झालं की फोनवरच्या गटात एक अंगठा टाकायचा. अंगठा म्हणजे ठीक.

तिसरा नियम मात्र त्याने कधीच पाळला नाही. संस्थेच्या लेखी जी सात नंबरची घोडी होती तिला तो बेगू म्हणे. नाव त्याने दिलेलं नव्हतं, त्याच्या बायकोने, नेस्ताने दिलं होतं. नेस्ताच्या बापाचा तो डोंगर, त्याचाच तो कळप. म्हातारा गेला त्या वसंतात ही काळी घोडी जन्मली आणि पुढे वर्षभराने डोंगर, कळप आणि वरचं हावोदचं पडकं घर असं सगळं संस्थेने विकत घेतलं. जुन्या कळपातली आता बेगू एकटीच उरली होती. बाकीची तिची पोरं, नातवंडं.

तट्टं डोंगरावर नोकरीला होती. लाल चोचीचा आणि लाल पायांचा एक कावळा त्या किनारी भागात थोडाफार शिल्लक होता. त्याला लिदीतले किडे लागत. तट्टांनी काटेरी झुडपं खायची, लीद टाकायची आणि कावळ्याला जगवायचं, यासाठी संस्थेला शहरातून अनुदान येई. नेस्ताच्या बापाने जन्मभर तीच लीद फावड्याने ओढली, पण त्याला कधी कुणी शाबास म्हटलं नाही.

त्या वर्षी पाऊस आला नाही. त्या डोंगराखालची माणसं पावसाला शिव्या घालता घालता म्हातारी झालेली. चॅपेलात पावसासाठी प्रार्थना झाली तेव्हा सगळ्यांना जरा चोरट्यासारखं वाटलं, कारण आजवर मनातल्या मनात उलटीच मागणी केली होती. ऑगस्टात माळ पिवळा पडला, मग तपकिरी. झरा आटला. दलदलीत भेगा पडल्या आणि नेचे वेळेआधी वाळून खडखडू लागले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला संस्थेने स्वयंसेवकांना खालच्या गोठ्यात प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवायला हेलेद होती, संस्थेची डोंगरावरची अधिकारी. तिशीही न गाठलेली, केस कायम वाऱ्याने विस्कटलेले, गमबूट मात्र स्वच्छ. लहानपणी इडवलबरोबर शाळेत चालत जाणाऱ्या मैत्रिणीची ही नात. तिने भिंतीवर घोड्याच्या ढुंगणाची पाच चित्रं लावली होती, हाडकुळ्यापासून लठ्ठापर्यंत.

"दोनच्या खाली जी जातील," हेलेदने दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं, "ती ऑक्टोबर संपला की खाली आणायची. हिवाळा काढणार नाहीत ती. विकावी लागतील."

"विकायची कुणाला?" इडवलने विचारलं.

"लिलावात, काका."

"लिलावात कोण घेतं?"

हेलेदने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "जो बोली लावेल तो."

लिलावात म्हाताऱ्या घोडीवर बोली लावणारा माणूस त्या भागात एकच होता, आणि तो दात बघत नसे, मांसाचं वजन बघत असे. हे गोठ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी माल्कम बोलला. माल्कम इंग्लंडातला, दातांचा डॉक्टर, निवृत्त होऊन गावात राहायला आलेला. गावची भाषा तो पुस्तकातून शिकला होता आणि पुस्तकातलीच बोलत होता.

"ही वार्ता अत्यंत क्लेशदायक आहे," माल्कम म्हणाला.

"आहे खरी," इडवल म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत त्रिकोणी सँडविचेस आली. इडवलने दोन खाल्ली, एक नेस्तासाठी रुमालात बांधलं आणि काठी उचलली.

"काका, दुपारचं महत्त्वाचं आहे," हेलेद म्हणाली. "वरच्या कुंपणांबद्दल, काय खाऊ द्यायचं नाही त्याबद्दल. तासभर थांबा."

"घरी ती एकटी आहे, पोरी."

ते खरंच होतं. नेस्ताचा खुबा झिजला होता. ऑपरेशनच्या रांगेत वर्ष उलटून गेलं तरी तिचा नंबर आला नव्हता आणि ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीपासून पलंगापर्यंतचं जग चालत होती. पण इडवल तासभर थांबला असता तर ती मेली नसती. त्याचं बिनसलं होतं ते वेगळ्याच कारणाने. त्याने तीस वर्षं नगरपालिकेची, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पसरायची गाडी चालवली होती. सासरा पाहुण्यांसमोर म्हणायचा, हा आमचा जावई, पुढे दोन दिवे असले तरच याला घोडा ओळखू येतो. पाहुणे हसायचे. त्यानेही हसायचं. आता सासरा नव्हता, कळपाकडे पाहणारा घरातला तोच एक राहिला होता, आणि घोड्याने काय खावं हे त्याला त्या गोठ्यात बसून एका पोरीकडून शिकायचं नव्हतं.

संध्याकाळी पाहणीचा खरा अहवाल घरी द्यावा लागे.

"बेगू?" नेस्ता विचारायची.

"होती."

"होती म्हणजे? नीट सांग की. तोंडात मीठ भरलंय का?"

"वरच्या खडकाजवळ होती. चरत होती."

"काय चरत होती? तिथं दगड आहेत."

"दगडांच्या मधलं."

नेस्ता खिडकीतून डोंगराकडे बघायची. तिथून तपकिरी उतार दिसायचा आणि त्याच्या कडेला, हावोदच्या भिंतींभोवती, काळपट हिरव्या झाडांचा एक पुंजका. सगळ्या डोंगरावर हिरवं तेवढंच.

"बरगड्या दिसतात का?"

"केस वाढलेत. गुबगुबीत दिसते."

"केसाखाली हात घातलास?"

"हात लावायचा नाही."

"कोण बघायला येतंय तिथं? तो लाल चोचीचा?"

पुढच्या खेपेला इडवलने हात घातला. बेगू त्याला तशी जवळ येऊ देत नसे, पण त्या दिवशी ती हललीच नाही. हिवाळी केसांत त्याची बोटं मनगटापर्यंत बुडाली आणि मग एकदम हाडाला लागली. पाठकण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे होते, त्यांत मूठ मावेल असे. पुठ्ठ्यावरची चामडी त्याने चिमटीत धरली आणि सोडली, ती जागच्या जागी उभी राहिली. घोडीने मान वळवून त्याच्या कोटाची बाही हुंगली आणि ओठाने कापड चाचपलं. खाण्यासारखं काही नाही हे पाहून तोंड फिरवलं. त्या रात्री त्याने गटात अंगठा टाकला, कारण अंगठ्याशिवाय दुसरं काही टाकलं की हेलेद चित्र घेऊन वर येणार होती.

"दोनच्या खाली आहे," त्याने नेस्ताला सांगितलं.

नेस्ताने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हावोदात गवत असेल."

"आहे. गुडघाभर आहे. झाडांच्या सावलीत दव टिकतं."

"मग? बाबा ऑक्टोबरात खाली आणायचेच ना. झाडांखाली. वारा नाही, पाऊस नाही. फाटक उघड की."

"बंद केलंय त्यांनी. साखळी आहे. पाटी आहे."

"कशाला?"

"माल्कमच्या अळंब्यांसाठी. आत लहान लहान झेंडे लावलेत त्याने. लाल अळंबी, पिवळी अळंबी. मोजतो तो."

"अळंब्या," नेस्ता म्हणाली. तो शब्द तिने इतक्या हळू उच्चारला की इडवलने परत वाद घातला नाही.

हावोदभोवतीच्या दगडी गडग्याला फाटक होतं, त्यावरच्या पाटीवर लाल वर्तुळ होतं आणि त्यात घोड्यावर मारलेली फुली. खाली दोन ओळी होत्या, पण त्या उन्हाने उडाल्या होत्या. कुलूप नव्हतं, नुसती साखळी. दुसऱ्या दिवशी उजाडताच इडवलने ती काढली. साखळी लोखंडी गजावर खणखणत घसरली, आणि वरच्या उतारावरून सोळाही डोकी वर झाली. ती लगेच आली नाहीत. पहिली बेगू आली, हळू, मान खाली. फाटकात उभी राहून तिने वास घेतला आणि मग आत जाऊन ती खाऊ लागली, अशी की तिच्या जबड्याचा आवाज गडग्याबाहेर ऐकू यावा. इडवल दगडावर बसून तो आवाज ऐकत राहिला. दोन तासांनी त्याने काठीने सगळ्यांना बाहेर काढलं, साखळी घातली आणि माल्कमचे तुडवलेले झेंडे पुन्हा उभे केले. कोणता रंग कुठे होता ते त्याला आठवेना, तेव्हा अंदाजाने केले.

मग हे रोजचंच झालं. पाहणीचा वार असो वा नसो, तो उजेडाबरोबर निघे. चढावर त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजे, गुडघ्यात कळ येई. दुसऱ्या आठवड्यापासून त्याला हाक मारावी लागत नसे. साखळीचा आवाज झाला की कळप उतारावरून धावतच खाली येई. म्हातारी, तरणी, वासराएवढी शिंगरं, सगळी दणदणत आणि फुरफुरत त्याच्या अंगावरून आत जात. आयुष्यात पहिल्यांदा घोडे त्याच्याकडे येत होते. उतरताना कधीकधी तो मेलेल्या सासऱ्याशी बोलायचा, मोठ्याने नाही.

माल्कम गुरुवारी भेटला.

"माझ्या अळंब्यांची यंदा विस्मयकारक हालचाल झाली आहे," तो म्हणाला. "पिवळी जागा लाल झाली आहे."

"हवामान," इडवल म्हणाला.

"नक्कीच हवामान," माल्कम म्हणाला.

बेगूच्या खळग्यांत आता मूठ मावत नव्हती. दोन बोटं मावत होती. नेस्ताला रोज बोटांचा हिशेब लागायचा. ती पुन्हा नीट जेवायला लागली. एका रविवारी तिने खुर्चीत बसूनच बटाट्याचा आणि मटणाचा रस्सा केला, कांदा चिरता चिरता जुनं काहीतरी गुणगुणत. इडवलने ताटावरून वर पाहिलं नाही, पाहिलं की ती गप्प होईल म्हणून.

वादळ आलं ते ऑक्टोबरच्या मध्यावर. सगळा उन्हाळा रोखून धरलेला पाऊस आणि वारा एकदमच आला. संस्थेने गटात कळवलं, इशारा उठेपर्यंत कुणीही डोंगरावर जायचं नाही, स्वयंसेवकांची सुरक्षितता आम्हाला सर्वांत महत्त्वाची आहे. खाली माल्कमचा अंगठा.

इडवल गेला. वाऱ्याने त्याला दोनदा गुडघ्यावर आणलं. तट्टं हावोदच्या फाटकाबाहेर गोळा होऊन उभी होती, शेपट्या वाऱ्याकडे, पोटांवरून पाणी गळतंय. साखळीला हात लावायच्या आधीच ती फाटकाला रेटू लागली. आत, गडग्याच्या आणि झाडांच्या आड, वारा अर्धाही नव्हता. ती झाडं सिकामोरची. तिथल्या प्रत्येक डोंगरी घराभोवती असतात, आजोबा-पणजोबांनी वाऱ्याला आडवी लावलेली. वादळ त्यांना झोडपत होतं, आणि फांद्यांतून दोन पंखांच्या बिया झुंडीने गरगरत खाली येत होत्या, तट्टांच्या पाठीवर, चिखलात, उरल्यासुरल्या गवतावर. गवत आता तोकडं झालं होतं, पंधरा-वीस दिवस सोळा तोंडं त्यावर चालली होती. तट्टं ओल्या पाचोळ्यात नाकं खुपसून काहीतरी वेचत होती. इडवलला बरं वाटलं. खातायत. पोट भरतंय.

अशा हवेत त्यांना बाहेर काढायचं त्याच्याने होईना. त्याने फाटक लोटून घेतलं, साखळी अडकवली आणि तो घरी आला.

"आत आहेत," त्याने सांगितलं. "झाडांखाली. सगळी."

"बेगू?"

"भिंतीला लागून. सुकी आहे."

"सुकी," नेस्ता म्हणाली आणि त्याचा ओला कोट त्याच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशीही वारा होता, आणि रस्त्यावर झाड पडल्याने खालची वाट बंद. तिसऱ्या दिवशी इडवल वर पोहोचला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. कळपातली बरीचशी फाटकाशी होती. एक लाल खच्ची घोडा मात्र झाडाखाली आडवा पडला होता, पाय ताठ, पोट अजून हलतंय. दोन वर्षांची एक घोडी बसल्या जागीच उठायला पाहत होती आणि पुढचे पाय तिच्याखालून निसटत होते. बेगू उभी होती. डोकं गुडघ्यापर्यंत खाली, थंडीतही अंग घामाने चिंब, मांड्या थरथरत होत्या. तेवढ्यात तिने पाय फाकवले आणि मुतली. मूत कॉफीसारखं काळं होतं.

काय झालंय ते इडवलला कळलं नाही. मात्र हे फाटकाच्या आत झालंय, एवढं कळलं. फोन खिशात होता. त्याने फोन काढला नाही. आधी फाटक सताड उघडलं आणि धडधाकट होती ती बाहेर हाकलली. मग बेगूच्या मानेत कमरेचा पट्टा अडकवून ओढू लागला.

"चल. चल गं बाई. दहा पावलं. बाहेर चल फक्त."

ती आली. प्रत्येक पाऊल असं टाकत होती जणू जमीन तापली आहे. कण्हत नव्हती, घोडे कण्हत नाहीत, नाकपुड्या तेवढ्या फाकत होत्या. फाटकाच्या बरोबर मध्ये तिचे मागचे पाय गेले. आधी ती बसली, कुत्रं बसतं तशी, आणि मग कुशीवर पडली. इडवलने पट्टा ओढला. खांदा लावून ढकललं. तिची मान जड होती आणि पट्टा त्याच्या तळव्यात रुतत होता. बऱ्याच वेळाने तो तिच्याशेजारी चिखलात बसला आणि त्याने हेलेदला फोन लावला.

हेलेद आली, पाठोपाठ जनावरांची डॉक्टर, आणि माल्कम, कारण हेलेदने गटात कळवलेलं माल्कमने वाचलं होतं. डॉक्टर ठेंगणी बाई होती, कमी बोलणारी. ती आधी लीद-मूत पाहून आली, मग चिखलातून मूठभर पंखवाल्या बिया उचलून तिने हेलेदला नुसत्या दाखवल्या. हेलेदने मान हलवली.

"हिला कुणी चालवलं का?" डॉक्टरने बेगूच्या मानेवरचा पट्ट्याचा वळ पाहून विचारलं.

"मी," इडवल म्हणाला. "बाहेर काढायला."

"यात चालवायचं नसतं. स्नायूच विरघळत असतात. पाऊल टाकलं की आणखी." ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. "तुम्हाला कसं माहीत असणार."

"दुपारच्या सत्रात हेच सांगितलं होतं," हेलेद बियांकडे बघत म्हणाली. "सिकामोरच्या बिया. म्हणूनच तर फाटक बंद केलं." आणि मग तिलाच आठवलं असावं की इडवल दुपारी नव्हता, कारण ती पुढे काही बोलली नाही.

"अळंब्यांसाठी नाही?" इडवल म्हणाला.

"अळंब्यांना तट्टं चालतात, महाशय," माल्कम म्हणाला. "किंबहुना आवडतात."

डॉक्टरने शेवटच्या सुया भरल्या. लाल घोड्याला, मग तरण्या घोडीला, मग बेगूला. इडवलने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि हात लावायचा नाही हे कुणी त्याला म्हटलं नाही.

"कुत्री घेऊन हिंडणारे लोक," माल्कम फाटकाकडे पाहत म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "ते फाटके उघडी टाकतात. हा केवळ निष्काळजीपणा आहे."

"कुलूप लावायला हवं होतं मी," हेलेद म्हणाली.

इडवलने तोंड उघडलं होतं. मग डॉक्टरने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं, तो बाजूला झाला, आणि बोलायची वेळ निघून गेली.

घरी नेस्ताने त्याच्याकडे पाहिलं आणि फडकं हातात घेतलं. त्यानेच सांगितलं, बूट न काढता, दारात उभं राहून. बिया, मूत, पट्टा, सुई. ती ऐकत होती आणि हाताने फडक्याची घडी करत होती, उलगडत होती.

"काळं मूत," ती शेवटी म्हणाली. "बाबांच्या तट्टांनाही व्हायचं. एक वर्षाआड एखाददुसरं. झाडांखाली मेलेलं मिळायचं सकाळी. बाबा म्हणायचे, थंडी बाधली." घडी पुन्हा उलगडली. "मग पुढच्या वर्षी आणखी लवकर खाली आणायचे."

इडवलने बूट काढले.

"उघड म्हणाले ते मी," नेस्ता म्हणाली.

"साखळी मी काढली."

"त्यांना काय सांगितलंस?"

"काही नाही. कुत्रीवाले म्हणतायत ते."

"मग म्हणू देत," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, जणू दुसरीच बाई बोलतेय अशी, "नाही. सांग जाऊन."

तो गेला नाही. दोन शुक्रवार गेले, दोन मंगळवार. संस्थेची बैठक झाली. सिकामोर तोडायचे तर त्यांत वटवाघळं राहत होती, आणि वटवाघळांचं अनुदान वेगळं होतं. उरलेली तेरा तट्टं डोंगरावरून काढायची ठरलं. बैठकीत आजारी तट्टं वेळेवर शोधल्याबद्दल इडवल पॅरी यांचे आभार मानण्यात आले, आणि त्याला कावळ्याचं चित्र असलेला एक कप मिळाला. तो त्याने गाडीच्या सीटखाली ठेवला.

तट्टं काढायच्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. रस्त्याच्या कडेला कोंडवाडा उभा केला होता, त्याच्या तोंडाशी लिलावाची गाडी. नारिंगी जाकिटातले लोक डोंगरावर रांग धरून चढले, एक जण चारचाकी मोटारसायकलवर. तट्टं त्यांच्याकडे पाहत उभी राहायची आणि हाताच्या अंतरावर आली की रांगेतून निसटून वर पळायची. दुपार झाली. नारिंगी लोक चिखलात बसून डबे खाऊ लागले. गाडीवाल्याने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

"अंधार पडला की मी निघालो," तो म्हणाला. "रिकामी तर रिकामी."

इडवल कोंडवाड्याजवळ उभा होता. रिकामी गेली तर, तो मनात म्हणत होता. रिकामी गेली तर ती इथेच राहतील.

हेलेद त्याच्याजवळ आली. तिचा आवाज बसला होता.

"ती गडगा ओलांडायला शिकलीयेत, काका. पाटी-कुलपाचा काही उपयोग नाही. काल दोघी आत होत्या, पाचोळ्यात तोंड घालून. मी दगड मारून काढल्या." तिने नाक पुसलं. "आज नाही नेली तर आणखी मरतील. मला दुसरं काही सुचत नाही."

इडवलने वर पाहिलं. तट्टं पावसात ओळीने उभी होती, त्यांच्यात बेगूची एक काळी नात, कान टवकारलेले. मग तो कोंडवाड्याच्या फाटकाकडे गेला. त्याची साखळी त्याने वर उचलली आणि लोखंडी गजावरून घसरू दिली. खणखण आवाज झाला.

सगळी डोकी वर झाली. काळी नात पहिली सुटली, तिच्यामागे बाकीची, उतारावरून, नारिंगी लोकांच्या मधून, डब्यांवरून, चिखल उडवत. ती त्याच्या अंगाला घासून आत शिरली, तेराच्या तेरा, आणि आत जाऊन गवत शोधू लागली. इडवलने साखळी अडकवली. माल्कम टाळी वाजवायला हात वर करून तसाच राहिला.

हेलेद त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"साखळी ओळखतात ती," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून. रोज सकाळी. गवत होतं आत."

"आणि वादळाच्या दिवशी?"

"त्या दिवशी बाहेर काढली नाहीत."

ती गजावर हात ठेवून तट्टांकडे पाहत राहिली. पाऊस तिच्या नाकावरून गळत होता.

"कुलूप नव्हतं म्हणून माझं कंत्राट पुढं वाढवत नाहीयेत," ती म्हणाली. "डिसेंबरपर्यंत आहे."

"मी जाऊन सांगतो त्यांना."

"सांगा." मग जरा वेळाने, "उद्या सांगा. आधी ही चढवायला हवीत. तुमच्याशिवाय चढणार नाहीत."

गाडीला लावलेल्या फळीवर चढायला ती बिचकत होती, आतून परक्या जनावरांचा वास येत होता. गाडीवाल्याने काठी उगारली. इडवलने ती त्याच्या हातातून घेतली आणि बाजूला टाकली. मग तो स्वतः फळीवरून आत गेला, गाडीच्या पार शेवटपर्यंत, आणि अंधारात पाठ टेकून उभा राहिला. ती एकेक करून वर आली. शेवटी त्यांच्यामधून वाट काढत, ओल्या पाठींवर हात ठेवत ठेवत, त्याला बाहेर यावं लागलं.

घरी नेस्ताने दिवा लावला नव्हता. गाडीचे दिवे रस्त्याने खाली जाताना तिने पाहिले असणार.

"उद्या ऑफिसात जाणार आहे," इडवल म्हणाला. "सांगायला."

"जा."

त्याने कोट खुंटीला लावला. कोटाला घोड्यांचा वास येत होता, आणि तो तिच्यापर्यंत पोहोचला होता, कारण तिने तोंड त्या बाजूला वळवलं.

"चढताना मारलं का त्यांना?"

"नाही."

"बांधलं?"

"नाही गं," तो म्हणाला. "माझ्यामागनं चढली."